इज्तिहाद, मीमांसा आणि नागरिक

कुराणात ११४ सुरा आणि सहा हजारांहून अधिक आयती आहेत. ज्यांतून थेट कायद्याचा नियम निघतो अशा आयती जुन्या शास्त्रकारांनी ढोबळमानाने पाचशेच्या आसपास धरल्या. लग्न, तलाक, वारसा, कर्ज, साक्ष, गुन्हा, तह हा सगळा व्यवहार एवढ्या आयतींत मावणे शक्य नव्हते. म्हणून पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी म्हणजे हदीस, विद्वानांचे एकमत म्हणजे इज्मा आणि सादृश्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे कियास अशी साधने उभी राहिली. या साधनांनिशी नव्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या बौद्धिक खटपटीला इज्तिहाद हे नाव मिळाले. आज शरियत म्हणून जे ओळखले जाते त्याचा मोठा भाग या खटपटीतून आलेला आहे. वचन ईश्वराचे मानले तरी त्याचा अर्थ लावणारा माणूसच असतो, आणि माणसाने लावलेला अर्थ पुन्हा तपासता येतो. इस्लाममधील आधुनिक सुधारणावाद या एका मुद्द्यावर उभा आहे.

सातारा जिल्ह्यातून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेले की हा मुद्दा रोजच्या जगण्यात दिसतो. घाटावरचे, म्हणजे सातारा-सांगलीकडचे बहुतेक मुसलमान हनफी परंपरेचे. कोकणातले बहुतेक शाफई. कोकणी घरात तिसऱ्यांचे कालवण सहज शिजते. हनफी मताप्रमाणे समुद्रातल्या जीवांपैकी मासाच तेवढा चालतो. असरच्या नमाजाची वेळ शाफई मताने, दुपारची मूळ सावली वजा करून, सावली वस्तूच्या उंचीएवढी झाली की सुरू होते. प्रचलित हनफी मताने ती दुप्पट व्हावी लागते. दोघांचे कुराण एक, पैगंबर एक. खुद्द इमाम शाफई इराकमधून इजिप्तला गेले तेव्हा त्यांनी आपली कित्येक मते बदलली, आणि त्यांच्या शिष्यांनी जुने मत व नवे मत अशी दोन्ही जपून ठेवली. देश बदलला म्हणून कायद्याचे मत बदलणे हे नवव्या शतकात पाखंड ठरले नव्हते. विसाव्या शतकात ते पाखंड का ठरावे, हा प्रश्न सुधारकांनी विचारला आणि तो रास्त होता.

विसाव्या शतकातले सर्वांत ठोस उदाहरण सुधारकांचे नाही, परंपरेतल्या उलेमांचेच आहे. हनफी मतानुसार नवरा परागंदा झालेल्या बाईने त्याचे स्वाभाविक आयुष्य संपेपर्यंत, काहींच्या हिशेबाने तो नव्वद वर्षांचा होईपर्यंत, थांबायचे. या कोंडीतून सुटण्यासाठी पंजाबात बायका धर्मच सोडू लागल्या. तेव्हा देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेतला. त्या मताने मुदत चार वर्षांची आहे. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा या विचारातून आला आणि बेपत्ता नवऱ्यासाठी त्यात चार वर्षेच लिहिली आहेत. स्त्रीचे हाल थांबवण्यासाठी एका परंपरेने दुसरीचे मत उसने घेतले, एवढे हे साधे होते. धर्मशास्त्र बदलत नसते असे म्हणणाऱ्याने हा कायदा एकदा वाचावा.

आधुनिक सुधारक याच्या पुढे गेले. सर सय्यद अहमद खान यांनी निसर्गाचे नियम आणि कुराणाचे वचन यांत विरोध असूच शकत नाही, ही भूमिका घेतली. इजिप्तमध्ये मुहंमद अब्दुह यांनी आंधळ्या अनुकरणाऐवजी इज्तिहाद पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरला. मौलाना आझादांनी आपल्या भाष्यात धर्माचे मूळ तत्त्व आणि काळ-समाजानुसार बदलणारे आचार यांत फरक केला. माथेरानला जन्मलेले कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात धर्म आणि कायदा वेगळे करण्याची मागणी केली: श्रद्धा माणसाच्या अंतःकरणाची, कायदा समाजाचा. मुंबईत राहून काम केलेले असगर अली इंजिनियर यांनी आयतींची दोन प्रकारे वाटणी केली. काही आयती न्याय, समता, करुणा असे कायमचे मूल्य सांगतात, तर काही सातव्या शतकातल्या अरबी समाजाशी बोलतात. दुसऱ्या प्रकारच्या आयतींचा अर्थ पहिल्या प्रकारच्या उजेडात लावायचा, हे त्यांचे सूत्र.

ही पद्धत बाहेरून आणलेली आहे असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर इस्लामी शास्त्रातच आहे. गझालीने शरियतचे धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण असे पाच हेतू सांगितले. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाच्या शातिबीने त्या हेतूंवर एक मोठे शास्त्र रचले. सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट अशी की, ग्रंथाचे तात्पर्य हेतूवरून ठरवण्याची जवळजवळ हीच शिस्त वाईला कृष्णेकाठी प्राज्ञपाठशाळेत शिकवली जात होती. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, हे मीमांसेचे आचार्य. मीमांसाकोश हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे दाखवण्यासाठी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात ज्यांचा सल्ला घेतला त्यांत तर्कतीर्थ होते. १९३३ मध्ये देवदास गांधी आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात झाला, त्याचे पौरोहित्यही त्यांनी केले. शास्त्र कोळून प्यालेल्या माणसानेच शास्त्राच्या नावाने चाललेला अन्याय नाकारला.

मीमांसेने ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी सहा खुणा दिल्या आहेत: प्रकरणाचा आरंभ आणि शेवट, पुन्हापुन्हा आलेली गोष्ट, नवेपणा, फल, स्तुती-निंदा आणि युक्ती. या कसोट्या कुराणाच्या चौथ्या सुरेतील तिसऱ्या आयतीला लावून पाहाव्यात. चार बायका करण्याची मोकळीक म्हणून ती सर्वांना माहीत आहे. पण तिचा आरंभ अनाथांपासून होतो: अनाथांच्या बाबतीत अन्याय होईल अशी भीती वाटत असेल तर, असा तिचा उपक्रम आहे. पुष्कळ भाष्यकार ती उहुदच्या लढाईनंतरची मानतात. मदीनेत त्या वेळी बाप गमावलेली मुले आणि विधवा यांचा प्रश्न उभा होता. तिचा शेवट पाहिला तर, न्याय करता येणार नाही असे वाटल्यास एकच, असा उपसंहार आहे. याच सुरेतील १२९ वी आयत सांगते की, मनात आणले तरी अनेक स्त्रियांमध्ये पूर्ण न्याय करणे माणसाला साधणार नाही. आरंभी न्याय, शेवटी न्याय, पुढे पुन्हा न्याय. तात्पर्य न्यायाचे आहे. चार हा आकडा वाटेत आलेली मर्यादा आहे. वाईच्या पाठशाळेतला विद्यार्थी आणि शातिबीचा वाचक या एका ठिकाणी येऊन पोचतात. दोन परंपरा एकमेकींना समजू शकत नाहीत, हा समज त्यामुळे टिकत नाही.

याला प्रत्यक्ष आयुष्याचाही दाखला आहे. विनोबा भावे १९१७ च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला शास्त्राध्ययनासाठी राहिले होते. पुढे त्यांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले, आणि १९६२ मध्ये त्यांनी केलेले कुराणाचे सार प्रसिद्ध झाले. परधर्माचा ग्रंथ त्याच्या स्वतःच्या भाषेत, वर्षानुवर्षे, पाठ होईपर्यंत वाचायचा, ही बहुधर्मी समाजातल्या अभ्यासाची खरी पातळी आहे.

अर्थ लावण्याचा हा मार्गच ज्यांना अपुरा वाटला ते हमीद दलवाई. जन्म १९३२, गाव चिपळूणजवळचे मिरजोळी. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, ही मागणी होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंचे म्हणणे सरळ होते: स्त्रीचा हक्क आयतीच्या अर्थावर टांगून ठेवला, तर उद्या कोणी उलटा अर्थ काढला की तो हक्क गेला. तिला नागरिक म्हणून हक्क आहे, आणि त्यासाठी कुठल्याच ग्रंथाची परवानगी लागत नाही. मंडळाच्या नावातला सत्यशोधक हा शब्द जोतीराव फुल्यांचा. फुल्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. त्यांच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात एकाच घरातली माणसे आपापल्या विचाराने वेगवेगळे धर्म पाळतात आणि तरीही प्रेमाने नांदतात, असे कुटुंब कल्पिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली, तेव्हा ते कुटुंब निदान जेवणाच्या वेळी तरी खरे झाले.

या दोन मार्गांखेरीज तिसरीही एक वाट सातारा-सांगलीच्या भागात आहे, आणि ती ग्रंथातून निघत नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच दर्ग्यात विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी तिथे गाणे होते. कडेगावच्या मोहरममध्ये कळसाकडून पायाकडे बांधत आणलेले गगनचुंबी ताबूत उचलायला हिंदू मुसलमान दोघांचे खांदे लागतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. इथे एक अडचण आहे आणि ती झाकून चालणार नाही. मूळ ग्रंथाकडे परत चला, या घोषणेला दोन तोंडे आहेत. तीच घोषणा देऊन एक माणूस तोंडी तलाकला कुराणात आधार नाही असे दाखवतो आणि दुसरा उरुस, गलेफ, ताबूत यांना शिर्क, म्हणजे ईश्वराच्या जोडीला दुसऱ्याला बसवणे, म्हणून हद्दपार करू पाहतो. म्हणून सुधारणेची कसोटी ग्रंथशुद्धी असू शकत नाही. दुबळ्याला न्याय मिळतो की नाही, ही कसोटी धरली तर तोंडी तलाक टिकत नाही आणि मिरजेच्या गलेफाला कोणाचीच हरकत राहत नाही.

ग्रंथाचा अर्थ लावण्याचा आणि नागरिकाच्या हक्काचा, हे दोन्ही मार्ग पुढे न्यायालयात एकत्र आले. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा खटला आला. मुसलमानाला मोकळीक आणि हिंदूला शिक्षा हा भेदभाव आहे, असा आक्षेप होता. न्यायमूर्ती दोघे: मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. राज्याने एकेका समाजात टप्प्याटप्प्याने सुधारणा केली तर ती समतेविरुद्ध नाही, असा निर्णय त्यांनी दिला. पण त्याच निकालात वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावता येत नाहीत, असेही ठरले. दोन्ही न्यायमूर्ती मनाने सुधारक होते. तरी निकालाच्या या दुसऱ्या भागाने पुढच्या कित्येक पिढ्यांच्या स्त्रियांची न्यायालयाची वाट अरुंद केली.

२००२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने लातूरच्या एका प्रकरणात सांगितले की, नवऱ्याने तलाक दिला असे नुसते म्हणून भागत नाही. सबळ कारण आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांनी केलेला समेटाचा प्रयत्न सिद्ध व्हावा लागतो. ही मध्यस्थांची अट चौथ्या सुरेच्या ३५ व्या आयतीतली आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. त्या तीन मतांची घडण पाहण्यासारखी आहे. नरिमन आणि लळित या दोन न्यायमूर्तींनी संविधानाच्या अनुच्छेद १४ चा आधार घेतला. तिसरे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी ही प्रथा कुराणाच्याच विरुद्ध आहे, म्हणून ती शरियतही नाही, असे म्हटले. दलवाईंच्या वाटेने दोन मते आली, फैजी-इंजिनियर यांच्या वाटेने एक. यांतले कोणतेही एक नसते तर बहुमत झाले नसते. नागरिकाच्या हक्काने ग्रंथाचा अर्थ ठरण्याची वाट पाहू नये, आणि श्रद्धेने जगणाऱ्यांनी अर्थ लावणे थांबवू नये, हे त्या निकालाच्या बेरजेतच दिसते.

वारशाचा प्रश्न अजून उरला आहे, आणि सातारा-सांगलीत तो उसाच्या आणि द्राक्षाच्या रानात उभा आहे. १९३७ च्या शरियत कायद्याने मुसलमानांचे वारसा, विवाह इत्यादी व्यवहार रूढीऐवजी शरियतने चालावेत असे ठरवले, पण कलम २ मध्ये शेतजमीन वगळली. त्यामुळे कुराणाने मुलीला दिलेला वाटा जमिनीच्या बाबतीत रूढीच्या हाती राहण्याला वाव मिळाला. हिंदू आणि जैन मुलींना महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये सहदायिकीत बरोबरीचा हक्क दिला. तरी तिन्ही धर्मांच्या घरांत बाप गेल्यावर भाऊ हक्कसोड पत्र तयार ठेवतो, माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, आणि सातबाऱ्यावरून तिचे नाव निघून जाते. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी हा कागद पाहिलेला असण्याचा संभव मोठा आहे. चौथ्या सुरेची सातवी आयत आईबाप आणि जवळचे नातलग मागे ठेवून गेलेल्या मालमत्तेत स्त्रियांचाही वाटा सांगते, थोडा असो की जास्त, ठरलेला. शेतजमिनीचा अपवाद त्या आयतीत नाही. तो १९३७ च्या कायद्यातला आहे. मद्रासने १९४९ मध्ये आणि केरळने १९६३ मध्ये दुरुस्ती करून तो काढून टाकला, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळालाही तसे करता येते.