मे महिन्यात पोरं कुणाकडं?



एक मेला झेंडावंदन होतं, निकालपत्रक हातात पडतं आणि पोरं दप्तर कोपऱ्यात टाकून मोकळी होतात. शाळा पुन्हा भरते ती जूनच्या मध्याला. विदर्भातल्या मैत्रिणींकडं तर ऊन जास्त म्हणून त्याहूनही उशिरा. दीड महिना धरून चाला. खरं म्हणजे आपली ओढाताण त्याच्या आधीच सुरू झालेली असते. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की पोरं दुपार व्हायच्या आत घरी येतात, कुलूप बघतात, शेजारणीकडून किल्ली घेतात आणि तिथून पुढं ती कुठं जातात ते आपल्याला संध्याकाळीच कळतं.

आता याच दीड महिन्यात आपल्यामागं काय काय असतं ते बघा. उन्हाळी भुईमूग काढायचा असतो. हळदीच्या भागात हळद शिजवून वाळवायची असते. लग्नं असतात. वर्षाचं तिखट, पापड, कुरडया, शेवया, धान्याला ऊन दाखवणं हे सगळं पाऊस यायच्या आत. आणि नाशिक, नगर, पुण्याकडं उन्हाळ कांदा. आज मी कांद्याचंच धरून बोलणार आहे, कारण पोरांचा प्रश्न तिथं सगळ्यात जास्त अडतो. तुमच्याकडं कांदा नसेल तर तुमचं जे पीक असेल ते मनात धरा.

कांद्याचं काम उक्तं असतं. एकराचा भाव ठरतो, टोळी जाते, उपटायचं, पात कापायची, ढीग घालायचा, चाळीत भरायचं. रोजाच्या कामात बाई गेली काय, बाईबरोबर पोर गेलं काय, मजुरी एकीचीच. उक्त्यात तसं नाही. जितके हात जास्त तितका एकर लवकर उरकतो आणि दुसरा घेता येतो. म्हणून मग नऊ-दहा वर्षांचं पोर आधी सावलीला बसवायला म्हणून नेतात, दुसऱ्या दिवशी ते पाणी आणून देतं, तिसऱ्या दिवशी पात कापायला बसतं. कुणी मुद्दाम करत नाही. पण आठवड्यानं त्या पोराच्या हाताला विळ्याचे घाव असतात आणि सुट्टी संपलेली असते.

इथं कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. बालमजुरीचा कायदा 1986 चा आहे आणि 2016 मध्ये तो बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आहे. फक्त स्वतःच्या घरच्या कामात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोक्याचं नसेल असं काम त्यानं केलं तर चालतं. म्हणजे आपल्याच रानात पोरानं शेंगा तोडायला हात लावला तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याच्या रानात टोळीबरोबर मजुरीनं नेणं हे बंदीत येतं. टोळीच्या मुकादमाला हे सांगायला एकटी बाई धजत नाही. गटानं मिळून सांगितलं तर तो ऐकतो, कारण त्याला बाया हव्या असतात.

मग पोरं ठेवायची कुठं? पूर्वीचं उत्तर सोपं होतं, मामाच्या गावाला. अजूनही पुष्कळ जणी पाठवतात, आणि चांगलंच आहे ते. पोरांना आमराई मिळते, आजी मिळते. पण एक गोष्ट आपण बोलत नाही. मामाच्या गावाला मामी असते, आणि तिच्याही गावात कांदाच निघालेला असतो. तिची दोन, नणंदांची चार, अशा सहा पोरांच्या भाकरी थापून ती सात वाजता रानात पोचते. आपली अडचण आपण आपल्या वहिनीच्या डोक्यावर ठेवून येतो. पाठवायचंच असेल तर पोरांबरोबर पाच-दहा किलो धान्य, डाळ, तेलाची पिशवी पाठवा आणि दीड महिना न ठेवता दहा दिवस ठेवा. भाऊ नको म्हणेल, वहिनी ठेवून घेईल.

दुसरं उत्तर सासूबाई. ज्यांच्या सासूबाई धडधाकट आहेत त्यांचं बरं आहे. पण सत्तरीच्या म्हातारीला चार वर्षांच्या पोरामागं पळवणं हा दोघांवरही अन्याय आहे. तिसरं उत्तर मोबाइल. त्याबद्दल एवढंच म्हणते, की मोबाइल पोराला एका जागी बसवतो, सांभाळत नाही. घरात साप निघाला तर मोबाइल उठून कुणाला बोलावत नाही.

आणि चौथं उत्तर, जे सगळ्यात जास्त घरांत चालतं आणि ज्याला आपण उत्तर म्हणतसुद्धा नाही, ते म्हणजे थोरली मुलगी. दहा-अकरा वर्षांची. आई सहाला बाहेर पडते. ही धाकट्याला उठवते, तोंड धुते, खाऊ घालते. टँकर आला की हंडा घेऊन रांगेत उभी राहते, धाकटा कडेवर. दुपारी भांडी घासते. बारा वर्षांचा तिचा भाऊ त्याच घरात असतो, पण तो क्रिकेटला गेलेला असतो आणि कुणी त्याला हाकही मारत नाही. सुट्टी दोघांनाही सारखीच दिली होती शाळेनं. संध्याकाळी आपण घरी येतो तेव्हा घर झाडलेलं असतं आणि आपण म्हणतो, माझी बाय किती शहाणी. ती शहाणी आहे यात शंका नाही. पण जून आला की एक वाक्य निघतं, "पेरणी होऊ दे, मग पाठवते शाळेत." पेरणीनंतर खुरपणी येते. पाचवीतनं सहावीत जाताना, सातवीतनं आठवीत जाताना ज्या मुली गळतात, त्यांची सुरुवात पुष्कळदा अशा एका सुट्टीत झालेली असते. बाईला घरात मदत लागते हे खरंच आहे. मग ती मदत वाटून घ्या ना. पाणी मुलगा भरेल. धाकट्याला दुपारी बाप बघेल. बाप घरी असतो का, असं विचाराल, तर उन्हाळ्यात दुपारी पारावर किती बाप असतात ते मोजून या एकदा.

थोरलीचा हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आत्ताच्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीला, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढं 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसलं, की मुली शाळेत येत नाहीत कारण त्यांच्या काखेत धाकटं भावंड असतं, आणि मुलगे येत नाहीत कारण ते गुरांमागं असतात. त्यांनी काय करावं? पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. विकासवाडी म्हणायचे तिला. ताईनं धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली. पोरांना रागावून, पालकांना नावं ठेवून काही झालं नसतं. आधी पोर ठेवायला जागा केली, मग शाळा भरली.

ती जागा आपल्याला दीड महिन्यापुरती करता येईल का, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हिशेब करून बघू. समजा गटातल्या आणि वस्तीतल्या मिळून पंधरा जणी कामाला जातात आणि त्यांची तीन ते दहा वर्षांची वीस पोरं आहेत. पोरामागं रोजचे वीस रुपये काढले तर चारशे होतात. दोन बाया सांभाळायला, दोघींना दोन-दोनशे. वेळ सकाळी साडेसहा ते साडेबारा, कारण उन्हामुळं टोळ्याही तेवढ्यातच काम उरकायला बघतात. तुमच्याकडच्या अर्ध्या रोजाचा दर बघून आकडा कमी-जास्त करा. पण सांभाळणारीला पैसे द्याच. "तिला काय, ती घरीच असते" असं म्हणून फुकट करायला लावलं तर तिसऱ्या दिवशी ती येणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. पाठीच्या दुखण्यानं जिला वाकून काम होत नाही, पण पोरांत जीव रमतो, अशी एखादी काकू प्रत्येक वस्तीत असते. तिच्या जोडीला बारावी झालेली एखादी मुलगी. एकटीवर सोडू नका, एक पोर आडोशाला न्यायचं झालं तर बाकीची कोण बघणार?

जागा सावलीची आणि पाण्यापासून लांब हवी. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, नाहीतर शाळेचा व्हरांडा. शाळेसाठी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लेखी विचारा. त्या समितीत निम्म्या बाया असायला हव्यात असा नियम आहे, तेव्हा तुमच्यातलीच कुणीतरी तिथं असेल. भाकरी ज्याची त्यानं आणायची. पाण्याचे माठ दोन. आणि एक मीठ-साखरेचा डबा: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. पोर मलूल झालं, उलटी-जुलाब झाले की घोट घोट देत राहायचं. अंग तापलं आणि पोर बरळायला लागलं तर मात्र वाट न बघता ओल्या फडक्यानं अंग पुसत 108 ची गाडी बोलवायची.

भांडणं होणार. जिची तीन पोरं आहेत ती म्हणणार, मी साठ रुपये कसे देऊ? तिसऱ्याचे घेऊ नका. जिचा खाडा झाला ती म्हणणार, आजचे पैसे नाही देणार. आठवड्याचे आधी घ्या. आणि एक भांडण असं आहे जे कुणी उघड बोलत नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून पोर पाठवत नाही. माठाला कोणाच्या पोराचा हात लागला यावरनं. ते मात्र पहिल्याच बैठकीत स्पष्ट करा, की माठ एक, फळा एक, चटई एक. ज्यांना चालत नाही त्यांनी पोरं घरी ठेवावीत.

रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मैत्रिणींसाठी सांगते. 2005 च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातच लिहिलं होतं, की कामावर बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. सावली आणि प्यायचं पाणीही कामावर हवं. कामाची मागणी करतानाच मुलांची नावं अर्जात लिहा, म्हणजे नंतर "मुलं कुठं होती?" असं कुणी म्हणणार नाही. पण तिथंही धाकट्यांपुरतंच. सात वर्षांच्या पोराला अंगणवाडीही नाही, कामावरचा पाळणाही नाही आणि मे महिन्यात शाळाही नाही.

त्याचं दुपारचं जेवणही थांबतं हे विसरू नका. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात शाळेतलं जेवण हक्काचं झालं, पण शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळून. दुष्काळी भागांत मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण द्यावं असं सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये सांगितलेलं आहे. तुमचा तालुका दुष्काळी जाहीर झाला असेल तर एप्रिलमध्येच ग्रामसभेत विचारा. खिचडी शिजवणारे बरेचसे बचत गटच आहेत, म्हणजे विचारणाऱ्याही आपण आणि शिजवणाऱ्याही आपण.

आता पाण्याबद्दल, आणि हे जरा नीट ऐका. सुट्टीत पोरं विहिरीवर, कॅनॉलवर, शेततळ्यावर जातातच. 2016 नंतर मागेल त्याला शेततळं या योजनेतनं गावोगाव तळी झाली. पिकाला चांगली झाली. पण प्लास्टिकचा कागद घातलेल्या तळ्यात पोर उतरलं की त्याला वर येता येत नाही. कागद ओला होतो, शेवाळतो, पाय ठरत नाही. पोहता येणारंही दमून खाली जातं. बुडणारं पोर ओरडत नाही, त्याचं तोंड पाण्यात असतं. आणि एकाला काढायला दुसरं उडी घेतं, म्हणून एका घरातली दोन जातात. ज्यांच्याकडं तळं आहे त्यांनी कुंपण घालावं, आणि काठाच्या खुंटीला एक दोर कायमचा बांधून पाण्यात सोडावा, त्याला रिकामे बंद कॅन अडकवावेत. खर्च किती? दोराचा. पोरांना शिकवा, की कुणी बुडताना दिसलं तर उडी घ्यायची नाही, दोर, साडी, काठी टाकायची आणि ओरडत माणसांकडं पळायचं. बाहेर काढलेल्या पोराला उलटं धरून हलवू नका, पोट दाबत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास आणि छातीवर दाब द्यायचा असतो. तो कसा द्यायचा ते उन्हाळ्याआधी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून गटाच्या बैठकीत करून बघा. आणि पोरांना पोहायला शिकवाच, मुलींनाही. सुकलेला भोपळा पाठीला बांधून विहिरीत शिकवणारे आजोबा अजून आहेत गावात. त्यांना नारळ द्या आणि सकाळचा एक तास मागा.

हे सगळं मेमध्ये ठरत नाही. एक मेला पोरं मोकळी होतात, दोन तारखेला टोळी निघते. एप्रिलच्या बैठकीत हप्ते भरून झाले की हा विषय घ्या. ठराव वहीत लिहा: सांभाळणाऱ्या दोघींची नावं, जागा, पोरामागं किती रुपये. शेवटच्या पानावर वीस पोरांची नावं, वयं, आईचा फोन आणि पोराला न्यायला कोण येईल त्याचं नाव. त्या यादीत थोरलीचंही नाव घाला, तीही दहा वर्षांचीच आहे.