जखमी हाताला जिवंत आच्छादन



मळणीयंत्रात, कडबाकुट्टीत किंवा उसाच्या चरकात हात सापडला की ‘हात गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मी वैद्यक शिकलेला नाही, कलाशाखेचा पदवीधर आहे. तथापि माहिती जमविताना एक गोष्ट ठळकपणे ध्यानी आली. हाडे सांधली, कंडरा शिवल्या, तरी त्यांवर जिवंत आच्छादन वेळेत न मिळाल्यास हात निकामी होऊ शकतो.

साध्या जखमेवर मांडीची पातळ त्वचा लावता येते. ती खालच्या मांसातून पोषण घेते. उघड्या हाडावर वा कंडरेवर मात्र ती तग धरीत नाही. तेथे स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह आलेला जाड तुकडा, म्हणजे ‘फ्लॅप’, लागतो. ही विद्या आपल्या भूमीस अपरिचित नाही. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात इंग्रज फौजेचा बैलहाक्या असलेल्या कावसजी नामक मराठ्याचे नाक व एक हात कैदेत कापण्यात आला. पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाच्या कातडीने त्याचे नाक घडविले. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने सचित्र छापली. नाक मिळाले, हातावर मात्र त्या काळी इलाज नव्हता.

अशा पद्धतीत कातडी मूळ जागेस देठाने जोडलेली राहते. हातासाठी जांघेची कातडी घेतल्यास हात सुमारे तीन आठवडे जांघेशी शिवून ठेवावा लागतो आणि तेवढ्यात सांधे आखडतात. १९७३ साली मेलबर्नच्या टेलर व डॅनियल यांनी जांघेतील फ्लॅप सर्वस्वी तोडून पायावर बसविल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. हाच ‘मुक्त फ्लॅप’. मांडीतून वा दंडातून तो काढून एकदोन मिलिमीटर रुंदीच्या धमन्या व शिरा सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. हात मोकळा राहतो, बोटांचा व्यायाम लवकर सुरू करता येतो. शस्त्रक्रिया मात्र कित्येक तासांची; पहिले काही दिवस फ्लॅपचा रंग सतत पाहावा लागतो. रक्ताची गुठळी झाली तर रुग्णास पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. बिडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून भेटीस येणाऱ्या सोयऱ्यांनी ती खिशातच ठेवावी!

वेळेचे मोल किती? ल्युब्लियानाचे शल्यविशारद मार्को गोदिना यांनी १९८६ साली हातापायांच्या ५३२ रुग्णांचा अनुभव नोंदविला. ७२ तासांच्या आत आच्छादन केलेल्यांत एक टक्क्याहून कमी फ्लॅप निकामी झाले. तीन दिवस ते तीन महिने विलंब झालेल्यांत १२ टक्के.

तेव्हा जखमेत हळद, चुना, तंबाखू भरू नये. स्वच्छ कापड दाबून धरावे, हात उंच ठेवावा, अंगठी काढावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटास थेट बर्फ लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि प्लास्टिक सर्जन कोठे आहे ते तेथेच विचारावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, ते अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतात. त्या रुग्णालयांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास खर्च येत नाही.