कोण जामीन राहणार?

(हिंगोली येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



न्यायालयानं जामीन मंजूर केला म्हणजे माणूस त्या संध्याकाळी घरी आला, असं आपल्याला वाटतं. आदेशात मात्र पुढे एक ओळ असते. अमुक हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. ज्याच्याकडे शेत आहे, चार नातेवाईक आहेत, वकिलाची फी आहे, त्याचं हे काम दोन दिवसांत उरकतं. कळमनुरीकडच्या एखाद्या ऊसतोड मजुराचा विचार करा. त्याच्या जामीनदारानं स्वतःच्या नावाचा सातबारा आणायचा, नाहीतर तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढायचा. मजुरी बुडवून न्यायालयात उभं राहायचं. उद्या आरोपी तारखेला आला नाही तर ती रक्कम माझ्याकडून वसूल करा, हे लिहून द्यायचं. चोरीच्या आरोपात अडकलेल्या भूमिहीन माणसासाठी हे कोण करणार? भाऊ भूमिहीन, मेहुणाही भूमिहीन. गावात ज्यांची जमीन आहे त्यांच्याच शेतात तो राबत होता, आणि कित्येकदा फिर्यादही तिथूनच आलेली असते.

आपल्या जिल्ह्यात तुरुंगातल्या आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसांसाठी एक संस्था उभी राहावी, असं मला वाटतं. अशा संस्थेच्या विश्वस्तांचं नेमकं काम काय, यावर आज बोलायचं आहे. सुरुवात जामिनापासून केली, कारण विश्वस्ताची खरी परीक्षा तिथेच होते.

२०२२ अखेरची सरकारी आकडेवारी पाहा. देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे दर चौघांतल्या तिघांवर अजून दोष सिद्ध झालेला नव्हता. या सगळ्यांना जामीन मिळायला हवा होता असं मी म्हणत नाही. त्यांत गंभीर गुन्ह्यांचे आरोपी आहेत. पण आदेश हातात असून गजाआड राहिलेल्यांचा प्रश्न इतका वाढला, की ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी वेगळे निर्देश दिले. जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. त्याच वर्षी केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्या वेळी ठरलं ते असं: कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदत, दंड भरता न आल्यानं अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत. निर्णय जिल्ह्यातल्याच समितीनं करायचा. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागू आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. शिवाय विधी सेवा प्राधिकरण आहे, लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील आहेत, आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानं दिलेला आहे.

एवढं असून माणूस आतच राहतो, कारण या सगळ्या तरतुदींपर्यंत त्याला हाताला धरून नेणारं कुणी नाही. कुणीतरी तुरुंगात जाऊन त्याला भेटायचं, त्याचं खरं नाव-गाव लिहून घ्यायचं, घरी जाऊन बायकोला सांगायचं की नवरा कुठे आहे, कागद जमवायचे आणि लोकअभिरक्षकाच्या टेबलावर ठेवायचे. आपल्या जिल्ह्यातल्या आरोपींना वर्षानुवर्षं परभणीच्या कारागृहात पाठवलं गेलं. शिक्षा मोठी लागली की पुढे हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह. सेनगावच्या खेड्यातून मुलाखतीला जायचं म्हटलं तरी एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून भेटी कमी होतात, मग थांबतात, आणि सुटून येईपर्यंत घर मोडलेलं असतं.

हे काम कसं करायचं याचा वस्तुपाठ महाराष्ट्रात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून चालू आहे. त्याचे समाजकार्यकर्ते तुरुंगात, पोलीस ठाण्यात, न्यायालयात काम करतात आणि सुटलेल्या माणसाला काम शिकण्याची जागा मिळवून देतात. अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था बंद्यांच्या कुटुंबांपर्यंत, त्यांच्या मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचली. अमरावती आपल्याला परकी नाही. वाशीम आलं की वऱ्हाडच लागतो.

आता विश्वस्तांकडे येतो. मराठवाड्यात संस्था काढण्याची हौस कमी नाही. शाळा, वसतिगृहं, देवस्थानं, गोशाळा गावोगाव आहेत. पण विश्वस्त मंडळ कसं जमतं ते आपण जाणतो. अध्यक्ष पुढारी, सचिव त्यांचा पुतण्या, कोषाध्यक्ष व्याही, आणि सह्या घरपोच. शाळेच्या बाबतीत हे चालून गेलं असेल, सरकारी अनुदान आलं आणि वर्ग भरले. बंद्यांच्या संस्थेत ते एक दिवसही चालणार नाही. इथे ज्याच्यासाठी काम करायचं तो मतदार म्हणून कुणाच्या हिशेबात नाही, त्याच्या नावानं देणगी मागायला गेलं की लोक दार लावून घेतात, आणि सुटलेल्या दहांपैकी एकानं पुन्हा गुन्हा केला तर गाव विश्वस्तांना जाब विचारतं. त्या दिवशी जो विश्वस्त म्हणेल की होय, त्याच्यासाठी आम्ही उभे राहिलो होतो आणि पुढच्यासाठीही राहू, तोच कामाचा. बाकीच्यांनी देणगी द्यावी, त्यांचे आभार मानू.

विश्वस्तांजवळ द्यायला असतं काय? पैसा असतोच असं नाही. पत असते. निवृत्त मुख्याध्यापक, वसमतचा हळदीचा व्यापारी, डॉक्टर, वकीलबाई, गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे अशी माणसं. ही पत त्यांनी जपून आणि नियमानं वापरायची. विश्वस्तानं उठून कुणालाही जामीन राहावं असं मी सांगणार नाही. आधी कार्यकर्त्यानं गृहभेट द्यावी, घरची माणसं त्याला परत घ्यायला तयार आहेत का ते पाहावं, फिर्यादी शेजारीच राहतो का ते पाहावं, लेखी टिपण मंडळापुढे ठेवावं, आणि कोणाला मदत करायची कोणाला नाही हे आधी ठरलेल्या निकषांवर ठरावं. विश्वस्ताचा नातेवाईक आरोपी असेल तर त्या विश्वस्तानं त्या बैठकीतून उठून जावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं. संस्थेचा पैसा जामिनाच्या रकमेत घालायचा असेल, तर आपल्या घटनेतल्या उद्देशांत तो बसतो का, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावं.

इथे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याबद्दल दोन शब्द बोलतो, कारण आपल्याकडे विश्वस्त झालेल्यांनी तो वाचलेला नसतो. मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. तो न दिल्यानं वीस वर्षांपूर्वी वारलेली माणसं कागदावर विश्वस्त राहतात आणि बँक खातं गोठतं. हिशेबाचं ऑडिट दरवर्षी. स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. हे पाळायला फार अक्कल लागत नाही, वेळेवर बसून करायची चिकाटी लागते.

याच कायद्याच्या कलम ४१-ड मध्ये नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विश्वस्ताला दूर करण्याची तरतूद आहे. देवस्थानच्या दानपेटीचा विचार करता ती योग्यच. पण आपल्या संस्थेत त्यामुळे अडचण होते. तुरुंगातली रात्र ज्यानं काढली आहे, सुटल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस कुठे कोसळतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याचाच सल्ला सगळ्यात मोलाचा, आणि मंडळावर त्याची खुर्ची धोक्यात. यावर मार्ग आहे. सुटून येऊन स्थिरावलेल्या दोन-तीन स्त्री-पुरुषांची सल्लागार समिती नेमावी, आणि तिचं मत इतिवृत्तात घेतल्याशिवाय मदतीचा निर्णय करू नये. विश्वस्तांना ऐकायला जड जाईल तेच ही माणसं सांगतील.

माणसावर गुन्हेगाराचा शिक्का मारण्याच्या बाबतीत हिंगोलीनं तर जास्त जपायला हवं. आपल्या गावात रिसाला आहे, तोफखाना आहे, पेन्शनपुरा आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ही छावणी, आणि १८३० च्या दशकात ठगांच्या बंदोबस्ताची जी मोहीम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं चालवली तिच्यात हिंगोलीचं नाव येतं. पकडलेल्या ठगांना जबलपूरच्या उद्योगशाळेत गालिचे विणायला, तंबू शिवायला बसवलं. पण त्यांच्याबरोबर त्यांची मुलंही त्या आवारात वाढली, बापाच्या गुन्ह्याचा शिक्का घेऊन. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा तो विचार पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आला आणि पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींना त्यानं हजेरीला बांधलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. तरीही गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला की तुरुंगातली कामं जातीवरून वाटता येणार नाहीत आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानता येणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की विश्वस्त मंडळावर विमुक्त-भटक्यांतली माणसं पहिल्या दिवसापासून हवीत, आणि स्त्रिया हव्यात. फक्त सातबारेवाल्यांचं मंडळ केलं तर आरोपीकडे बघण्याची फिर्यादीची नजरच संस्थेची नजर होईल.

विश्वास टाकून काय होतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. पंतप्रतिनिधींचा पाठिंबा आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना. खुनाच्या शिक्षेचे बंदी भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. माणदेशातल्याच गदिमांनी त्यावर कथा लिहिली, आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मधून ती जगभर गेली. ती वसाहत आजही खुली आहे. आपल्या बाजूला पैठणला खुलं कारागृह आहे. म्हणजे शासन स्वतः शिक्षा झालेल्या माणसाच्या हाती विळा-कुदळ देऊन त्याला मोकळ्या शिवारात सोडतं, आणि आपण सुटलेल्या माणसाला हळद काढायला बोलवायला कचरतो. फेब्रुवारी-मार्चात हळद काढायला, शिजवायला, वाळवायला वसमत भागात हातांची ओढ असते. चार व्यापारी आणि दहा शेतकरी एवढंच ठरवतील की आम्ही हजेरी आणि मजुरी इतरांसारखीच देऊ, तरी सुटलेल्या माणसाचे पहिले तीन महिने निघतील. पहिले तीन महिनेच कठीण असतात.

पैशाबद्दल सांगतो. देणगीदाराला खोली बांधायला आवडतं, खोलीवर नाव येतं. या कामात पहिली पाच वर्षं इमारत बांधू नका. दोन प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचा पगार, त्यांचा प्रवास, एक कपाट आणि कुलूप एवढंच लागतं. कुलूप यासाठी की त्या फायलींत लोकांची आयुष्यं असतात. सुटलेल्या माणसाला हार घालून त्याचा फोटो छापणं विश्वस्तांनी पहिल्याच ठरावात बंद करावं. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी तो फोटो कुणीतरी काढून दाखवतो.

आणि ज्याचं नुकसान झालं, ज्याच्या घरात मृत्यू झाला, त्याचं काय, हा प्रश्न इथे बसलेल्यांच्या मनात आला असेलच. यायलाच हवा. फिर्यादीच्या घराकडे पाठ फिरवून केलेलं पुनर्वसन गावात टिकत नाही. पीडिताला शासनाची नुकसानभरपाई विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. ती मिळवून द्यायलाही याच संस्थेच्या कार्यकर्त्यानं जावं. समझोत्यासाठी पीडितावर दबाव मात्र कधीही आणू नये.

न्यायालयांनाही अशा संस्थेची गरज आहे. नव्या न्याय संहितेनं काही लहान गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली. ती कुठे, कोणाच्या देखरेखीखाली करून घ्यायची? १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानं न्यायालयाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा अधिकार दिला, आणि शासनमान्य संस्थेनं दिलेली व्यक्तीही परिवीक्षा अधिकारी होऊ शकते, असं त्याचं १३ वं कलम सांगतं. तरुण मुलाच्या पहिल्या गुन्ह्यात हा कायदा लावला तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीतून येणारी अपात्रताही त्याला चिकटत नाही. इतकं चांगलं हत्यार खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी क्वचित बाहेर निघतं, कारण न्यायाधीशांपुढे त्या मुलाची जबाबदारी घ्यायला जिल्ह्यात कुणी पुढे येत नाही.

१८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. आज या मंडपात त्याहून कितीतरी जास्त बसली आहेत. ज्यांना रात्री झोपताना दोन गोष्टींचं भय वाटणार नाही, लोक काय म्हणतील याचं आणि एखादा माणूस दगा देईल याचं, अशा सात जणांनी व्याख्यान संपल्यावर आपलं नाव आणि गाव इथे मंचाशेजारी लिहून द्यावं. घटनेचा मसुदा करून द्यायची जबाबदारी माझी. पहिली बैठक याच महिन्यात घेऊ, आणि परभणीत जामीन होऊनही अडकलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसांची यादी विधी सेवा प्राधिकरणाकडे मागण्याचा ठराव त्याच बैठकीत करू.