फेरारीच्या आत नक्की कोण आहे? डोनर गाडी ओळखायची कशी

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड कानाने ऐकायचा आणि नंतर डोळ्यांनी वापरायचा आहे. म्हणजे यापुढे रीलमध्ये लाल फेरारी किंवा पिवळी लॅम्बोर्गिनी दिसली, की तुमची नजर आधी लोगोवर नाही, पुढच्या काचेवर जायला हवी.

विषय आहे रेप्लिका किट. फायबरची बॉडी असते, आकार सुपरकारचा, आणि ती चढवतात एखाद्या स्वस्त गाडीवर. जिचं चेसिस, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग वापरलं जातं ती डोनर. अवयवदानातला डोनर असतो ना, तोच शब्द. फक्त इथे डोनर जवळपास आख्खाच आत असतो, वरची कातडी तेवढी दुसऱ्याची.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे पाँटिअॅक फिएरो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८४ ते १९८८ या मॉडेल-वर्षांत बनवली. दोन सीट, इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे मांडणी थेट फेरारी ३०८ सारखी. त्यात तिचे बाहेरचे पॅनेल प्लास्टिकचे, स्टीलच्या सांगाड्यावर बोल्टने लावलेले. पॅनेल उतरवले तरी सांगाडा जागच्या जागी! किट बनवणाऱ्याला अजून काय हवं? पाँटिअॅकच्या डीलरांकडे तर ‘मेरा’ नावाची तयार गाडी मिळायची. आत नवी कोरी फिएरो, अंगावर ३०८ चे कपडे. फेरारीने कोर्टात खेचलं आणि १९८८ मध्ये ते प्रकरण संपलं.

ब्रिटनमध्ये फिएरोची जागा टोयोटा एमआर२ ने घेतली, विशेषतः १९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने. तिच्यावर फेरारी एफ३५५ च्या बॉड्या चढल्या. आणि पुढे इंजिन असलेल्या फेरारी डेटोनासाठी शेव्हरोले कॉर्व्हेट. ‘मायामी व्हाइस’ ही जुनी अमेरिकन मालिका, त्यातल्या हिरोची काळी डेटोना म्हणजे आतून कॉर्व्हेटच. फेरारीला ते चांगलंच झोंबलं. शेवटी १९८६ मध्ये ती गाडी पडद्यावर मिसाइलने उडवली आणि हिरोच्या हातात खरी टेस्टारोसा आली.

आता तुम्ही म्हणाल, आत काय आहे याने आपल्याला काय फरक पडतो? पडतो ना. डोनर माहीत नसेल तर साधे ब्रेक पॅडसुद्धा घेता येत नाहीत, कारण फेरारीचे बसणारच नाहीत. डोनरचे आजार पण सोबत येतात. १९८४ च्या चार सिलिंडरच्या फिएरोमध्ये कनेक्टिंग रॉड तुटून, ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून आगी लागल्या आणि कंपनीला गाड्या परत बोलवाव्या लागल्या. वर कितीही इटालियन कपडे घाला, ते इंजिन तेच आहे. दुसरं म्हणजे कायदा. २०१९ मध्ये ब्राझीलच्या इताजाई शहरात बाप-लेकाचं एक वर्कशॉप पोलिसांनी बंद केलं, तिथे बनावट फेरारी आणि लॅम्बोर्गिनी तयार व्हायच्या. २०२३ मध्ये इटलीतल्या आस्तीमध्ये एक फेरारी एफ४३० जप्त झाली, ती निघाली टोयोटा एमआर२!

तर ओळखायचं कसं. माझं सरळ गणित आहे: जे बदलायला सगळ्यात महाग, तिथेच डोनर दिसतो. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. फायबरचा बंपर साच्यातून निघतो. पण पुढची वळणदार काच, तिच्या दोन्ही बाजूंचे खांब, दाराची फ्रेम, वर-खाली होणारी काच, बिजागऱ्या, हे सगळं नव्याने बनवायचं म्हणजे कार कंपनीच काढावी लागेल. म्हणून किटवाला दाराला वरून नवी कातडी लावतो आणि काच तशीच ठेवतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्या कोडला हात न लावता वर नवा यूआय चढवतो, अगदी तसंच. खऱ्या काउंटाशची काच इतकी झोपलेली असते की बोनेट आणि काच एकाच रेषेत वाटतात. रेप्लिकात तीच काच उभी राहते आणि डोक्यावर टोपी ठेवल्यासारखं छप्पर दिसतं.

दुसरी जागा, व्हीलबेस. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. फिएरोचं साधारण २३७३ मिलिमीटर, एमआर२ चं २४००. आता खऱ्या गाड्या: ३०८ चं २३४०, एफ३५५ आणि काउंटाशचं २४५०, टेस्टारोसाचं २५५०. म्हणजे फिएरोवर ३०८ छान बसते, पण टेस्टारोसाला जवळजवळ १८ सेंटीमीटर कमी पडतात. मग ती लांबी चाकांच्या पुढे-मागे वाढवतात आणि गाडी नाक लांब, कंबर आखूड अशी दिसते. काही जण चेसिस कापून, मध्ये तुकडा वेल्ड करून लांब करतात. अशा गाडीत मी बसण्याआधी वेल्डिंग कोणी केलं ते विचारीन.

फोटोवरून मोजता येतं का? येतं. टायरच्या बाजूला २२५/५० आर१६ लिहिलेलं असेल तर उंची होते सुमारे ६३१ मिलिमीटर. फोटोत व्हीलबेसमध्ये असे किती टायर मावतात ते बघा. २४५० ला ३.८८, फिएरोला ३.७६. फरक इतका बारीक आहे की फोटो जरा तिरका असला तरी गायब होतो. त्यामुळे गाडी समोर असेल तर सरळ टेप लावा.

टेललाइटवरून मात्र निकाल देऊ नका. खऱ्या महागड्या गाड्यासुद्धा उसनवारी करतात. जॅग्वार एक्सजे२२० ला रोव्हर २०० चे टेललाइट आहेत आणि लॅम्बोर्गिनी डायाब्लोच्या १९९९ च्या मॉडेलला निसान ३००झेडएक्सचे हेडलाइट! त्यापेक्षा इंजिनचं झाकण उघडा. एफ३५५ मध्ये व्ही८ उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं असतं. एमआर२ मध्ये चार सिलिंडर, आडवे. फक्त आडवं दिसलं म्हणून नकली म्हणू नका, ३०८ चं व्ही८ पण आडवंच आहे. सिलिंडर मोजा.

आणि शेवटी कागद. १९८१ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हीआयएन असतो. फेरारीचा सुरू होतो झेडएफएफने, फिएरोचा १जी२ ने. अमेरिकन गाडीत दहावं अक्षर मॉडेल-वर्ष सांगतं: ई म्हणजे १९८४, जे म्हणजे १९८८. लोगो ऑनलाइन मिळतो, पण चेसिसवर ठोकलेला नंबर बदलणं हा सरळसरळ गुन्हा.

आपल्याकडे तर काम अजून सोपं, आरसी बघायची. आसाममध्ये एका मेकॅनिकने मारुती स्विफ्टवरून लॅम्बोर्गिनी उभी केली, आणि त्या माणसाच्या हाताला माझा सलाम आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शोमध्ये ठेवायला ठीक, रस्त्यावर अवघड.

मला स्वतःला रेप्लिका आवडतात, घोड्याचा लोगो लावून फेरारी म्हणून विकत नसाल तर. म्हणून कोणी अशी गाडी दाखवली की मी एकच विचारतो, “दादा, हिचे ब्रेक पॅड कुठल्या गाडीचे आणता?” ज्याने स्वतः बांधली तो लगेच सांगतो, फिएरो, ८८ चं मॉडेल, आणि मग तासभर थांबत नाही. विकणारा विषय बदलायला लागला तर टेप काढा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.