दोन भाषांमध्ये उभा असलेला माणूस



शिबिरात तरुण मुलं-मुली भेटली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : घरात उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी, नोकरीसाठी इंग्रजी, मग आमची भाषा नेमकी कोणती? दुसरा : धर्माबद्दल प्रश्न विचारले तर आम्ही धर्माबाहेर गेलो का? आज मी या प्रश्नांची उत्तरं देणार नाही. हे दोन्ही प्रश्न घेऊन आयुष्यभर काम करणाऱ्या एका प्राध्यापकाची ओळख करून देणार आहे.

त्यांचं नाव सुलेमान बशीर द्यान्य. जन्म 1955चा, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशात, सेंट लुई शहरात. तिथली बहुसंख्य जनता मुस्लिम, सुफी परंपरेतली. रस्त्यावरची भाषा वोलोफ, नमाजाची अरबी, शाळा-कचेरीची फ्रेंच. ओळखीचं वाटतंय ना? आणखी एक गोष्ट. या मुस्लिमबहुल देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल्ड सेदार सेंघोर हे कॅथलिक होते आणि कवी होते. वीस वर्षं ते त्या पदावर राहिले. पुढे द्यान्य यांनी सेंघोर यांच्यावर एक पुस्तक लिहिलं आणि आफ्रिकी कलेकडे तत्त्वज्ञान म्हणून कसं पाहता येतं ते त्यात मांडलं.

पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत ते शिकले. अल्थ्युसर आणि देरिदा तिथे शिकवत होते. आता मला सांगा, सेनेगलहून आलेल्या मुस्लिम मुलाने कशावर संशोधन करावं अशी लोकांची अपेक्षा असते? आफ्रिकेवर, नाहीतर इस्लामवर. द्यान्य यांनी विषय निवडला जॉर्ज बूल. हा चांभाराचा मुलगा, बराचसा स्वतःच शिकलेला इंग्रज गणिती. 1854 साली त्याने विचारांच्या नियमांना बीजगणितात बसवलं. आज तुमच्या मोबाइलमधलं प्रत्येक गणित त्याच्या ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांवर चालतं. द्यान्य यांनी बूलचा तो ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला. तुम्ही मुस्लिम आहात म्हणून तुम्ही फक्त मुस्लिम प्रश्नांवरच बोलायचं, ही चौकट त्यांनी पहिल्याच पावलाला नाकारली.

पुढे ते डाकार विद्यापीठात शिकवायला परतले. इराणमधल्या क्रांतीनंतरचा तो काळ. जगभरात धर्माचं राजकारण तापत होतं. अशा वेळी तर्कशास्त्राच्या या प्राध्यापकाने इस्लामी जगातल्या तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवायला घेतला. आपल्या परंपरेत वाद घालणारी, शंका घेणारी माणसंही होऊन गेली, हे विद्यार्थ्यांना कळावं म्हणून.

त्या इतिहासातला एक प्रसंग सांगतो. दहाव्या शतकातलं बगदाद. वजिराच्या दरबारात दोन विद्वान समोरासमोर बसले. एक अबू बिश्र मत्ता, ख्रिस्ती, ॲरिस्टॉटलचा भाषांतरकार. त्याचं म्हणणं, तर्कशास्त्र सगळ्या माणसांसाठी एकच असतं. दुसरा सिराफी, अरबी व्याकरणाचा पंडित. त्याने विचारलं, तुमचं तर्कशास्त्र ग्रीक भाषेतून आलंय, मग इतर भाषांच्या लोकांनी ते का मानावं? शिवाय मत्ताला स्वतःला ग्रीक येत नव्हतं, तो सिरियाक भाषेतून भाषांतर करायचा! दरबाराने सिराफीला जिंकवलं. द्यान्य यांना मात्र हा वाद मिटलेला वाटत नाही. प्रत्येक भाषा जगाकडे आपल्या खिडकीतून पाहते, हे खरं. पण भाषांतर होतं, म्हणजे खिडक्यांमधून एकमेकांशी बोलता येतं, हेही तितकंच खरं.

इथे ते फ्रेंच तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती याची एक कल्पना वापरतात. वैश्विकता दोन प्रकारची. एक वरून येणारी : मी उंचावर उभा राहून ठरवणार, सगळ्यांसाठी योग्य काय ते. वसाहतवादाने हेच केलं. दुसरी आडवी : शेजाऱ्याकडे जायचं, त्याची भाषा शिकायची, त्याच्याकडून घ्यायचं, त्याला द्यायचं. 2008पासून द्यान्य न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रेंच साहित्य आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय शिकवू लागले, त्यामागची भूमिका हीच. भाषांतर म्हणजे पाहुणचार, असं ते मानतात.

आणि आता आपल्याशी थेट नातं. द्यान्य यांनी एक पुस्तक इक्बाल यांच्यावर लिहिलंय. आपल्याकडे इक्बाल म्हटलं की एक देशभक्तीचं गीत आठवतं, नाहीतर फाळणीचं राजकारण. इक्बाल तत्त्वज्ञ होते, हे विसरलं जातं. धर्मविचाराच्या पुनर्रचनेवरची त्यांची व्याख्यानं आधी मद्रास, हैदराबाद अशा ठिकाणी झाली. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. त्या व्याख्यानांचं फ्रेंच भाषांतर 1955 साली एका फ्रेंच विदुषीने केलं, आणि आपला विचार सेनेगलच्या वाचकाच्या भाषेत पोहोचला. इज्तिहाद, म्हणजे स्वतःची बुद्धी वापरून नव्याने अर्थ लावणं, हे इक्बाल यांना इस्लामच्या रचनेतलं गतीचं तत्त्व वाटलं. द्यान्य यांनी त्यालाच धरून दोन शब्द जोडले : निष्ठा आणि गती. थांबून राहणं म्हणजे निष्ठा नव्हे. जिवंत गोष्टीशी निष्ठा ठेवायची तर तिच्याबरोबर चालावं लागतं.

इक्बाल यांचं सगळं राजकारण आपल्याला पटलं पाहिजे, असं नाही. मला स्वतःला पटत नाही. पण वाचणं म्हणजे शरण जाणं नव्हे.

आपल्यालाही हा रस्ता नवा नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ मराठीत लिहिली. त्यांनी परक्या भाषेत लिहिलं नाही, आपल्याच भाषेत लिहिलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलता?’ तर रागावू नका, लाजूही नका. दोन-तीन भाषा येणं हे ओझं नाही, ती आपली कमाई आहे. घरी आजीला एखादी मराठी कविता तिच्या बोलीत सांगा. तिची एखादी कहाणी मराठीत लिहून काढा. प्रश्न पडले तर लपवू नका, वाचा आणि विचारा. सुरुवात एवढ्यानेच होते.