जनरल चोई आणि एक पुसलेलं नाव

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विषय कळवला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?" त्यांचंही बरोबर आहे. आपल्या व्याख्यानमालेत शिवचरित्र असतं, ज्ञानेश्वरी असते, हल्ली मधुमेहही असतो. कोरियाचा जनरल बडोद्याच्या गणपतीसमोर पहिल्यांदाच येतोय. त्यात मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो, आणि आजवर जे काही लिहिलं ते टिपण्या आणि अंदाजपत्रकं एवढंच.

झालं असं की माझी मुलगी तायक्वांदोच्या क्लासला जाते. बेल्टच्या परीक्षेआधी तिनं विचारलं, "बाबा, हे सुरू कोणी केलं?" क्लासमधून मिळालेल्या झेरॉक्समध्ये ऑलिंपिक होतं, गुणांचे नियम होते, पण माणसाचं नाव नव्हतं. मी शोधायला बसलो आणि चार महिने त्यातच गेलो.

नाव सापडलं : चोई होंग ही. जन्म 9 नोव्हेंबर 1918, कोरियाच्या अगदी ईशान्येला, हाम्ग्योंग प्रांतात. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. अंगकाठी किरकोळ, उंची जेमतेम पाच फूट. वडिलांनी त्याला सुलेखन शिकायला हान इल-दोंग नावाच्या गुरुजींकडे पाठवलं. या गुरुजींनीच त्याला तेक्क्योन, म्हणजे कोरियाचा जुना लाथांचा खेळ दाखवला, असं चोई स्वतः सांगत.

पुढे शिक्षणासाठी जपानला जायचं ठरलं. निघायच्या आधीची एक गोष्ट सांगतात. हे महाशय पत्त्यांच्या डावात एका पैलवानाकडे पैसे हरले आणि रागाच्या भरात शाईची दौत त्याच्या डोक्यात घातली. परत आलास की हातपाय वेगळे करीन, असा पैलवानाचा निरोप. क्योतोला पोचल्यावर चोई कराटे शिकायला लागले, त्यामागे ही भीती होती! गोष्टीला थोडं मीठ-मसाला लागलेला असेल, पण मला ती आवडते. मोठ्या माणसांच्या चरित्रात भीती सहसा गाळलेली असते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यात सक्तीची भरती झाली. प्योंगयांगमध्ये कोरियन विद्यार्थी-सैनिकांनी कट केला, तो फुटला आणि चोई तुरुंगात गेले. कोठडीतही सराव चालूच. ऑगस्ट 1945 मध्ये जपान हरला आणि ते सुटले. पण त्याच महिन्यात अडतिसाव्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे पडले. चोईंचं गाव उत्तरेत राहिलं आणि ते दक्षिणेच्या नव्या सैन्यात अधिकारी झाले.

1954 साली राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यासमोर सैनिकांची प्रात्यक्षिकं झाली. नाम ते-ही नावाच्या अधिकाऱ्यानं एका ठोशात तेरा कौलं फोडली. री खूष झाले आणि म्हणाले, हे तर आपलं तेक्क्योन! खरं म्हणजे ते बहुतांशी कराटे होतं. पण राष्ट्राध्यक्षांना "साहेब, हे जपानी आहे" असं कोण सांगणार? साहेबांच्या तोंडून शब्द बाहेर पडला की फाइल त्या दिशेनं चालू लागते, हे माझ्यासारख्या सरकारी माणसाला वेगळं सांगायला नको. चोई शब्दकोश घेऊन बसले. तेक्क्योनच्या जवळ जाणारा उच्चार हवा होता, आणि अर्थही हवा होता. 'ते' म्हणजे पाय, लाथ. 'क्वोन' म्हणजे मूठ. 'दो' म्हणजे मार्ग. 1955 साली हे नाव मान्य झालं.

इथे मला आपल्या गावातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आठवतं. प्रो. माणिकरावांनी आपल्या वस्तादाचंच नाव आखाड्याला दिलं. चोईंनी उलट केलं. 1965 च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात कराटेचे काता छापलेले आहेत, पण 1972 च्या पुस्तकात ते नाहीत. जपानी राज्यात आयुष्याची पहिली सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला जपानी गुरूचं ऋण जाहीर मान्य करणं जड गेलं असेल. तरी ऋण होतंच. नंतर त्यांनी लाथा वाढवल्या, हालचालींचं तंत्र बदललं, पंधरा खंडांचा ज्ञानकोश लिहिला. (व्यायामाचा दहा खंडी ज्ञानकोश मराठीत आपल्याच बडोद्यात निघाला, मुजुमदारांचा. तो बघितलेले इथे किती जण आहेत, हे मी विचारत नाही.)

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तायक्वांदोत ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींचे संच असतात. चोईंनी असे चोवीस संच बसवले. माणसाचं आयुष्य म्हणजे काळाच्या हिशेबात एक दिवस, म्हणून चोवीस. त्यांना नावं दिली ती बहुतेक कोरियाच्या इतिहासातली. सरसेनापती यी सुन-सिन, ज्यांनी कासवाच्या आकाराची जहाजं घेऊन जपानी आरमार बुडवलं, त्यांच्या नावाचा संच 'चूंग-मू'. आन जुंग-गुन यांनी 1909 साली जपानी नेते इतो यांना गोळी घातली आणि पुढच्या वर्षी ते फासावर गेले. त्यांच्या संचात बत्तीस हालचाली, कारण तेव्हा त्यांचं वय बत्तीस. आपल्या चापेकरांचीच आठवण येते. ज्या देशात ही नावं घ्यायला बंदी होती, त्या देशाचा इतिहास चोईंनी पोरांच्या हातापायांत घातला. शेवटच्या, चोविसाव्या संचाचं नाव 'थोंग-इल'. म्हणजे एकीकरण, दोन्ही कोरियांचं.

1961 मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता घेतली. त्यांचं आणि चोईंचं जुनं वैर. पार्क यांच्यावर पूर्वी लष्करी खटला झाला होता आणि त्यात न्याय करणाऱ्यांत चोई होते, असं सांगतात. चोईंना सैन्यातून काढून राजदूत म्हणून मलेशियाला पाठवलं. आपल्याकडे बदली करतात, तसंच हे. 22 मार्च 1966 रोजी त्यांनी सोलमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि 1972 मध्ये देश सोडून कॅनडाला गेले. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात दुसरी संघटना निघाली. ऑलिंपिकमध्ये पोचली ती ही दुसरी. 2000 साली सिडनीला पदकं दिली गेली, तीही तिच्याच नियमांनी. माझ्या मुलीचा क्लास याच बाजूचा. झेरॉक्सवर नाव का नव्हतं, ते मला इथे कळलं.

तरी नाव नुसतं दक्षिणेनंच पुसलं असं नाही, आणि हे सांगायलाच मी आज उभा आहे.

त्या चोवीस संचांत एक होता 'को-डांग'. को-डांग हे चो मान-सिक यांचं टोपणनाव. हे प्योंगयांगचे शिक्षक. गांधीजींच्या विचारांनी भारलेले. देशी माल वापरा म्हणून यांनी चळवळ उभी केली, लोक त्यांना कोरियाचा गांधी म्हणत. 1945 नंतर रशियनांच्या अटी मान्य करायला त्यांनी नकार दिला, म्हणून 1946 च्या सुरुवातीला त्यांना नजरकैदेत टाकलं. तिथून ते पुन्हा बाहेर दिसले नाहीत.

1980 मध्ये चोई प्रात्यक्षिकांचं पथक घेऊन उत्तर कोरियात गेले. दक्षिणेत त्यांना देशद्रोही ठरवलं गेलं. उत्तरेनं मैदान दिलं, पाठबळ दिलं. आणि त्यानंतर थोड्याच काळात को-डांग यादीतून गेला. त्याच्या जागी आला 'जूचे', म्हणजे उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांच्या अधिकृत विचारसरणीचं नाव.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. चार महिने ज्याच्या मागे लागलो, तो माणूस मला त्या दिवशी आवडेनासा झाला. संच ज्यानं बसवला त्यानंच, ज्यांनी को-डांगना गाडलं त्यांच्याच दारात, ते नाव खोडलं. मला विचाराल तर हे त्यांनी करायला नको होतं. पण दुसरं एक मनातून जात नाही. ज्याचं जन्मगाव कुंपणाच्या पलीकडे गेलं, तो तिकडे जायला काय किंमत देईल, हे बडोद्यात बसून मी कसं ठरवू? आपलं बरं आहे. चार पिढ्या इथे काढल्या तरी कोणी "मूळ गाव कोणतं" विचारलं तर आपण सातारा, रत्नागिरी सांगतो, आणि वाटलं तर रात्रीच्या गाडीला बसतो. मधे काटेरी तार नाही.

पुढचं थोडक्यात. 1985 मध्ये संघटनेचं मुख्यालय व्हिएन्नाला गेलं. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांविरुद्धच्या कटाच्या प्रकरणात चोईंच्या मुलाला कॅनडात शिक्षा झाली. त्यांच्या संघटनेचे त्यांच्यामागे तुकडे झाले, प्रत्येक तुकडा म्हणतो आम्हीच खरे. (मंडळं फुटणं आपल्याला नवीन नाही, म्हणून यावर जास्त बोलत नाही.) 15 जून 2002 रोजी जनरल चोई प्योंगयांगमध्ये वारले. तिथेच देशभक्तांच्या स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं. कोरिया दोनच राहिले.

जगात काही ठिकाणी त्यांचेच जुने शिष्य आणि शिष्यांचे शिष्य जूचे करत नाहीत. ते अजून को-डांगच करतात, एकोणचाळीस हालचालींचा, पूर्वी शिकवला तसा.

मी मुलीला हे सगळं सांगितलं. तिच्या क्लासमध्ये दोन्ही नाहीत, तिचे संच वेगळे. पण तिनं मोबाइलवर को-डांगचा व्हिडिओ शोधला आणि हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवून पहिल्या सात-आठ हालचाली बसवल्या. आठव्या वेळी टीपॉय पुरेसं सरकवलेलं नव्हतं, असं लक्षात आलं. परीक्षेत संस्थापकाचा प्रश्न आलाच नाही. ती पास झाली.