युद्धभूमीवरून अवकाश कायद्याकडे



सैन्यातल्या वकिलाचे काम कोर्ट मार्शलपुरतेच असते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ऐन मोहिमेत, अमुक लक्ष्यावर मारा करणे कायद्यात बसते की नाही, हा सल्लाही तोच देतो. ऑस्ट्रेलियाच्या नौदलातले कॅप्टन डेल स्टीफन्स हे असेच एक विधी अधिकारी. पूर्व तिमोर आणि इराकमध्ये त्यांनी काम केले, हार्वर्डमधून कायद्याची डॉक्टरेट घेतली आणि पुढे ॲडलेड विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. युद्धाच्या कायद्याचा हा अभ्यासक मग अवकाशाकडे वळला.

त्याला कारणही तसेच होते. १९६७ च्या अवकाश कराराने पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे ठेवायला आणि चंद्रावर लष्करी तळ उभारायला बंदी केली. कक्षेतल्या पारंपरिक शस्त्रांबद्दल मात्र तशी स्पष्ट बंदी नाही. एकच उपग्रह सैन्याचे संदेश पोहोचवतो आणि नागरिकांचेही. युद्धात त्याच्यावर हल्ला करता येईल का? आणि त्याच्या तुकड्यांनी तिसऱ्याच देशाचा उपग्रह निकामी झाला तर? चीनने २००७ मध्ये स्वतःचा जुना हवामान उपग्रह फोडला, तेव्हा नोंद घेण्याजोगे ३,००० हून अधिक तुकडे झाले. त्यांतले बरेच आजही फिरत आहेत. आपल्या २०१९ च्या ‘मिशन शक्ती’ या उपग्रहभेदी चाचणीसाठी सुमारे ३०० किलोमीटरची कमी उंची निवडली गेली, ती तुकडे लवकर खाली येऊन जळून जावेत म्हणून.

अशा प्रश्नांवर अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून ‘वूमेरा मॅन्युअल’ हा ग्रंथ सिद्ध केला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेरा या अग्निबाण चाचणी केंद्राचे नाव त्याला दिले आहे. स्टीफन्स आणि नेब्रास्का विद्यापीठाचे जॅक बियर्ड यांनी संपादलेला हा ग्रंथ २०२४ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. तो नवे कायदे करत नाही. शांततेत, तणावात आणि युद्धात आज कोणता कायदा लागू आहे, एवढेच तो नेमकेपणाने सांगतो.

आदेश देणाऱ्याला उत्तर काही मिनिटांत हवे असते, हे रणांगण पाहिलेला वकील जाणतो. म्हणून ते उत्तर आधीच, शांतपणे, विद्यापीठात शोधून ठेवावे लागते. आपल्या सेनादलांतही विधी शाखा आहे. कायदा शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनो, या वाटेचा जरूर विचार करा. उपग्रह सांभाळणाऱ्या देशाला अवकाशाचा कायदा जाणणारी माणसेही हवी आहेत.